‘आजीला कोणी विचारलं का?’ : ऊसतोडीला जाणारी चौथीतली मुलगी आणि सहा शिक्षकांचा प्रश्नगट

बीड जिल्ह्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेतल्या बाईंनी आपली अडचण सहा शिक्षकांच्या गटापुढं मांडली. गटानं त्यांना सल्ला दिला नाही, फक्त प्रश्न विचारले. तिथून पुढं वर्षभरात काय घडलं आणि काय घडायचं राहिलं, त्याची ही नोंद आहे. गाव, शाळा, कारखाना आणि माणसं यांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत. बाईंनी हे लिहायला परवानगी दिली, आणि मुलीच्या आईनंही दिली.

गट आणि त्याची रीत

केंद्रातल्या, म्हणजे जवळजवळच्या शाळांच्या गटातल्या, सगळ्या शाळांची दर महिन्याला शिक्षण परिषद होते. तिथं परिपत्रकं वाचली जातात, एखादा नमुना पाठ होतो, माहितीचे तक्ते भरून घेतले जातात. आपल्या वर्गात नेमकं काय अडलंय हे सांगायला तिथं वेळ नसतो, आणि एवढ्या माणसांपुढं ते कोणी सांगतही नाही. म्हणून एकाच केंद्रातल्या सहा जणांनी ठरवलं की महिन्यातल्या एका शनिवारी सकाळची शाळा सुटली की दोन तास बसायचं. शिक्षक प्रशिक्षणाच्या कामामुळं मी सगळ्यांच्या ओळखीचा होतो, त्यामुळं सुरुवातीला संयोजक म्हणून मला बोलावलं.

रीत साधी आहे. एका बैठकीत एकाचीच अडचण घ्यायची. मांडणारा दहा मिनिटं बोलतो, मध्ये कोणी तोडत नाही. मग पाऊण तास बाकीचे फक्त प्रश्न विचारतात. एका वेळी एक प्रश्न, आणि उत्तर पुरतं झाल्याशिवाय दुसरा नाही. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर ‘हा राहू द्या’ म्हणायची मुभा असते, त्याचं कारण कोणी विचारत नाही. एक जण प्रश्न न विचारता बसतो. त्याचं काम एवढंच की विचारलेला प्रत्येक प्रश्न जशाच्या तशा शब्दांत कागदावर उतरवायचा. उत्तरं लिहायची नाहीत. शेवटी तो कागद मांडणाऱ्याच्या हातात द्यायचा, त्याची दुसरी प्रत ठेवायची नाही. मग मांडणारा स्वतः सांगतो की पुढच्या बैठकीपर्यंत मी अमुक करून बघणार. पुढच्या बैठकीची पहिली पंधरा मिनिटं त्यासाठी राखलेली असतात.

ही पद्धत आमची नाही. इंग्लंडमध्ये रेग रेव्हन्स (१९०७-२००३) नावाचे एक शिक्षणतज्ज्ञ होऊन गेले. तरुणपणी केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत ते भौतिकशास्त्राचं संशोधन करत होते. १९४० च्या दशकात ब्रिटनच्या कोळसा खाणींतल्या माणसांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडं आली. बाहेरून तज्ज्ञ आणून व्याख्यानं देण्यापेक्षा खाणींच्या व्यवस्थापकांनीच लहान गटांत बसावं, एकमेकांच्या खाणीत जाऊन बघावं आणि एकमेकांना प्रश्न विचारावेत, अशी घडी त्यांनी बसवली. १९६० च्या दशकात लंडनच्या दहा रुग्णालयांत त्यांनी हीच रीत डॉक्टर, परिचारिका आणि प्रशासकांबरोबर वापरली. शिकणं म्हणजे आधीपासून ठाऊक असलेलं ज्ञान अधिक नेमके प्रश्न, असं त्यांचं सूत्र होतं, आणि त्यातला दुसरा भाग आपण विसरतो अशी त्यांची तक्रार होती. आपल्या कागदाची आणि ‘राहू द्या’ची कल्पना मात्र दुसरीकडून घेतली आहे. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांत, एखाद्यापुढं मोठा निर्णय असला की पाच-सहा विश्वासातली माणसं त्याच्याभोवती बसून फक्त मोकळे प्रश्न विचारतात. सतराव्या शतकात ही प्रथा लग्न ठरवताना वापरली जायची, पुढं ती इतर निर्णयांसाठीही आली.

कागदावर हे सोपं वाटतं, बसल्यावर फार जड जातं. आपल्याकडं कोणी अडचण सांगितली आणि आपण काही सुचवलं नाही, तर ते तुटकपणाचं वाटतं. सल्ला देणं ही आपली आपुलकी दाखवायची पद्धत आहे. गटातले सगळ्यात ज्येष्ठ सर पहिल्याच बैठकीत म्हणाले होते, “माझ्या मित्राचं घर जळतंय आणि मी त्याला विचारत बसू, तुम्हाला काय वाटतं म्हणून?” त्यांचा आक्षेप मला रास्त वाटला. आग लागली असेल तर पाणीच टाकायचं. पण शिक्षकांच्या बऱ्याच अडचणी अशा असतात की चार वर्षं तेच पाणी टाकून झालेलं असतं आणि तरीही धूर येत असतो. बाईंची अडचण त्यातलीच होती.

बाईंनी काय मांडलं

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी बाई बोलल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं:

चौथीत एक मुलगी आहे. वाचनात वर्गात सगळ्यांच्या पुढं. दिवाळी झाली की आई-वडिलांबरोबर सांगलीकडच्या एका साखर कारखान्यावर जाते आणि पाडव्यानंतर परत येते. पहिलीपासून असंच चालू आहे. परत येते तेव्हा वाचनाचा वेग गेलेला, पाढे विसरलेले. जून-जुलै मागचं भरून काढण्यात जातात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये कुठं ती रंगात येते, की लगेच निघायची वेळ. शाळा चौथीपर्यंतच आहे. पाचवीला शेजारच्या गावात जावं लागेल. यंदा थांबली नाही तर पाचवीचा दाखला कोणी नेणारच नाही, अशी बाईंना भीती. चार वर्षं त्या पालकांना सांगताहेत. वडील मान डोलावतात आणि घेऊन जातात. मुकादमाची, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराची, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते, त्यामुळं त्यांचं काही चालत नाही. शेवटी बाई म्हणाल्या, “या लोकांना कसं पटवू, एवढंच मला सांगा.”

बीडमधून दर हंगामाला लाखो माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम पावसाळ्यातच कोयत्यामागं उचल देतो आणि ती फिटेपर्यंत जोडी बांधलेली असते. खाडा झाला तर पैसे कापले जातात. बसलेल्या सगळ्यांना हे माहीत होतं. त्यांच्याही शाळा दिवाळीनंतर अर्ध्या रिकाम्या होतात. म्हणूनच सल्ले प्रत्येकाच्या तोंडावर तयार होते.

पहिली फेरी

सुरुवात ज्येष्ठ सरांनीच केली. “मॅडम, तुम्ही सरपंचांना बरोबर घेऊन का जात नाही?”

याला शेवटी प्रश्नचिन्ह असलं तरी हा सल्लाच आहे. विचारणाऱ्याच्या मनात उत्तर ठरलेलं आहे आणि ऐकणाऱ्याला फक्त स्वतःचा बचाव करायचा उरतो. मी सरांना विनंती केली की सरपंचांना न्यावं असं तुम्हाला ज्या शंकेमुळं वाटलं, ती शंकाच विचारा. ते थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, “त्या घरात शेवटचा शब्द कोणाचा चालतो?”

बाई म्हणाल्या, “वडिलांचा.” मग स्वतःच थांबल्या. “म्हणजे बोलतात ते वडील. पण पैशाचा हिशेब आई ठेवते. उचलीतून काय फेडायचं ते तीच ठरवते, असं मुलगीच एकदा सांगत होती.”

“आईशी तुमचं बोलणं कधी झालं?”

“झालेलं नाही. त्या शाळेत येत नाहीत. मी घरी जाते तेव्हा वडील ओट्यावर भेटतात.”

पुढचे तीन-चार प्रश्न साधेच होते. घरात आणखी कोण आहे, गावात मागं कोण राहतं, हंगामी वसतिगृह चालू आहे का. मग दुसऱ्या एका बाईंनी विचारलं, “मुलगी तिथं दिवसभर काय करते?”

“भाऊ सांभाळते. दीड वर्षाचा आहे.”

“भाऊ नव्हता तेव्हा तिला का नेत होते?”

इथं बाई बराच वेळ बोलल्या नाहीत. कोणीही ती जागा भरायला गेलं नाही, आणि या गटाला जमलेली ती पहिली अवघड गोष्ट होती. मग त्या म्हणाल्या, “तेव्हा ती स्वतःच लहान होती, मागं ठेवणार कोणाकडं म्हणून नेत होते. आता उलट झालंय. आता ती त्यांना लागते.”

चार वर्षं बाईंनी जे एकच कारण धरलं होतं, ती दोन वेगवेगळी कारणं निघाली, आणि दुसरं कारण अगदी अलीकडचं होतं. ज्या पालकांना आपण शिक्षणाचं महत्त्व पटवतोय त्यांना ते आधीच पटलेलं असेल, ही शक्यता त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलून दाखवली.

तरुण सरांनी उचलीचा धागा धरला. “उचल कोणाच्या नावावर असते?” जोडीच्या. “त्यात मुलगी मोजलेली असते का?” नाही. त्यांच्या ओठावर पुढचं वाक्य आलेलं मला दिसत होतं: मग मुकादम तिला अडवतो कुठं? ते त्यांनी गिळलं, आणि बरं झालं, कारण मिनिटभरानं बाई आपणच म्हणाल्या की मुकादमाला कोयत्याशी मतलब आहे, मुलगी गेली काय आणि राहिली काय, त्याला फरक पडत नाही. हेच बाईंनी गटाकडून ऐकलं असतं, तर बहुधा दोन कारणं सांगून परतवून लावलं असतं.

“तुम्ही त्यांच्या घरी कोणत्या महिन्यात जाता?” दिवाळीच्या सुट्टीआधी. “कोण जाणार, कोण राहणार हे घरात कधी ठरतं?” माहीत नाही.

शेवटाकडं कोणीतरी विचारलं, “ही मुलगी राहिली, तर तुमच्यासाठी काय बदलेल?” बाई म्हणाल्या, “हा राहू द्या.” आम्ही राहू दिला.

त्या दिवशी कागदावर पंधरा-सोळा प्रश्न होते. बाईंनी ते वाचले आणि खाली आपल्या हातानं एक ओळ लिहिली: “बाळाला तिथं कोण सांभाळेल?” पालकांना कसं पटवू, हा प्रश्न पाऊण तासात इथपर्यंत आला होता. पुढच्या बैठकीपर्यंत काय करणार, तर आईला भेटणार. हजेरीपट न घेता.

आईचं म्हणणं

मुगाच्या तोडणीचे दिवस होते. बाई संध्याकाळी गेल्या तेव्हा आई अंगणात वाळलेल्या शेंगा बडवत होती. बाई शेजारी बसून शेंगा सोलायला लागल्या. घरी शिक्षक आले की चहा, खुर्ची आणि ‘व्हय बाई, व्हय बाई’ एवढंच होतं. त्या दिवशी ते टळलं.

आई म्हणाली ते बाईंनी गटाला तिच्याच शब्दांत सांगितलं. “मला काय हौस हाय का बाई तिला न्यायची? पहाटं चारला फडात जायचं. बारक्याला कुटं ठिवू? बांधाच्या झाडाला झोळी बांधायची अन् ही झोका देत बसती. गेल्या साली झोळीखाली साप निघाला. ही वराडली म्हणून वाचलं लेकरू.”

मुलगी त्या वर्षी आठ-नऊ वर्षांची असेल. हे तिनं शाळेत कोणाला सांगितलं नव्हतं.

आईनं आणखी एक गोष्ट सांगितली. सासू आली असती तर बाळाची काळजी मिटली असती, मग पोरीला चुलतीकडं ठेवता आलं असतं. पण सासूला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, त्या उपकेंद्रातून महिन्याच्या महिन्याला मिळतात, तिकडं कोण देणार. एवढ्यावर हा विषय घरात मागच्या वर्षी थांबला होता. बाईंनी आशाताईंना विचारलं. त्यांनी सांगितलं की डॉक्टरांशी बोलून दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम मिळतील, पुढच्या गोळ्या टोळीकडं, म्हणजे ऊसतोड मजुरांच्या गटाकडं, कोणी येणार-जाणार असेलच त्याच्याबरोबर पाठवता येतील.

दुसरी फेरी

सप्टेंबरच्या बैठकीला बाई फार आनंदात आल्या. आराखडा तयार होता: आजी टोळीबरोबर जाईल, मुलगी चुलतीच्या घरी झोपेल, सकाळ-संध्याकाळचं जेवण हंगामी वसतिगृहात, दुपारचं शाळेत. ज्यांचे आई-वडील स्थलांतर करतात आणि जी मुलं नातेवाइकांकडं मागं राहतात त्यांच्यासाठी ही वसतिगृहाची सोय असते, शाळा व्यवस्थापन समितीमार्फत ती चालते. प्रस्ताव वेळेत गेला होता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या तरी चाललं असतं. पण राखून ठेवलेली पंधरा मिनिटं प्रश्नांची होती.

आतापर्यंत फारसं न बोलणाऱ्या एका सरांनी विचारलं, “आजीला कोणी विचारलं का?”

कोणी विचारलं नव्हतं. सुनेनं नाही, मुलानं नाही, बाईंनी नाही. आजीच्या गोळ्यांची चौकशी झाली होती, आजीची नाही.

पाठोपाठ आलं, “आणि मुलीला?” मुलीला बाईंनी विचारलं होतं. तिला राहायचं होतं, पण बाळ तिच्याशिवाय झोपत नाही अशी तिला काळजी होती.

या प्रकरणातला मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो हा आजीचा प्रश्न. आराखडा चांगला दिसायला लागला की गट खूश होतो आणि प्रश्न मऊ होतात. एका मुलीची शाळा वाचवायला एका म्हातारीला सहा महिने कोपीत पाठवायचं, ही गोष्ट हलकी नाही. पाचटाची आणि ताडपत्रीची खोपटी, पाणी लांबून आणायचं, रात्री-अपरात्री गाडी भरायला माणसं उठणार. मी बैठकीत काही बोललो नाही, तो माझा अधिकार नव्हता, पण मनातून मला हे पटत नव्हतं. ज्याच्याविषयी ठरतंय तो माणूस ठरवताना हजर नाही, हे शोधून काढायला बाहेरचा तज्ज्ञ लागला नाही. शेजारच्या गावात शिकवणाऱ्या, स्वतःची आई घरी असलेल्या एका शिक्षकाला ते दिसलं.

बाई आजीकडं गेल्या. आजी म्हणाली, “जाते की. तीस वर्सं ऊस तोडलाय म्या, कोपीला भ्यायची न्हाई. पर साऱ्या टोळीच्या भाकरी थापाया सांगू नका मला. नातू सांभाळीन, दुसरं काय न्हाई.” सुनेसमोर, मुलासमोर, बाईंसमोर तिनं हे वदवून घेतलं. टोळीत म्हातारं माणूस आलं की सगळ्यांची मुलं आणि सगळ्यांचा स्वयंपाक त्याच्या गळ्यात पडतो, हे तिला पुरतं ठाऊक होतं. कोणी न विचारता नेली असती, तर ही अट घालायची जागाच तिला मिळाली नसती.

आणि ‘राहू द्या’ म्हटलेल्या प्रश्नावर बाई सप्टेंबरच्या त्याच बैठकीत स्वतःहून आल्या. म्हणाल्या, दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यात माहिती, सर्वेक्षणं, आहाराचा हिशेब; आपल्या शिकवण्यानं काही होतंय हे मला या एका मुलीकडं बघून कळतं. ती गेली की माझं वर्षच जातं. हे मान्य केल्यावर त्यांचा त्रागा बराच कमी झाला, असं मला वाटलं. वडिलांवरचा रागही.

माहिती असून गप्प बसायचं का

दुसऱ्या बैठकीनंतर चहाला तरुण सरांनी एक अडचण काढली, आणि ती पद्धतीचीच होती. त्यांना शिक्षण हमी पत्रकाची नीट माहिती होती. स्थलांतराला निघालेल्या मुलाच्या हातात शाळा हे पत्रक देते, ते दाखवून मूल जिथं जाईल तिथल्या शाळेत बसू शकतं. बाईंनी चार वर्षांत ते एकदाही भरून दिलं नव्हतं. सर पाऊण तास ती माहिती घेऊन गप्प बसले होते. “नियम पाळला,” ते म्हणाले, “पण हे बरोबर झालं का?”

माझ्या मते ते बरोबर झालं नसतं, जर ती माहिती तशीच घरी गेली असती. गटानं यावर नियम केला. शेवटची पाच मिनिटं माहितीची. मांडणाऱ्यानं ‘हो, सांगा’ म्हटलं तरच. आणि माहिती म्हणजे कोणालाही पडताळून बघता येईल असंच काही: नियम, अर्ज, योजना, फोन नंबर. ‘मी असतो तर’ या शब्दांनी सुरू होणारं काहीही त्यात बसत नाही. ही पाच मिनिटं शेवटीच का, तर ती आधी दिली की प्रश्न थांबतात. हमी पत्रक ऑगस्टमध्ये पहिल्या दहा मिनिटांत समोर आलं असतं, तर बाई ते भरून मोकळ्या झाल्या असत्या आणि झोळीखालचा साप कोणाला कळला नसता.

काही विषय या तासात घ्यायचेच नाहीत, हेही तेव्हाच ठरलं. मुलावर अत्याचाराची शंका असेल किंवा सातवी-आठवीतल्या मुलीच्या लग्नाची बोलणी कानावर आली असतील, तर ‘तुम्हाला याबद्दल काय वाटतं’ विचारत बसायचं नाही. १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकाला फोन करायचा. गावात ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात, त्यांना गाठायचं. ज्येष्ठ सरांचं जळतं घर ते हेच.

हंगाम

टोळी दिवाळीनंतर निघाली. आजी गेली, मुलगी राहिली. नोव्हेंबर-डिसेंबरात ती एकही दिवस चुकली नाही. वसतिगृहाची मंजुरी यायला वेळ लागला, तोवर समितीतल्या दोन घरांनी धान्य दिलं.

संक्रांतीनंतर घडी विस्कटली. चुलतीची आई अंथरुणाला खिळली आणि चुलती माहेरी गेली. वसतिगृह जेवण देतं, झोपायला नातेवाइकाचंच घर लागतं. चुलता आणि मुलगी, घरात दोघंच. आईनं फोनवरच ठरवलं की पोरीला घेऊन यायचं. आईच्या जागी कोणीही असतं तर हेच ठरवलं असतं.

जानेवारीच्या बैठकीत बाईंनी मांडलेला प्रश्न असा होता: “माझं कुठं चुकलं?” या वेळी मी गेलो नव्हतो. रेव्हन्स यांना संयोजक गटात फार दिवस टिकलेला आवडायचा नाही, आणि गटालाही आता माझी गरज नव्हती. नंतर बाईंनी कागद दाखवला. पहिलाच प्रश्न ज्येष्ठ सरांचा, सरपंचांना का नेत नाही विचारणाऱ्या त्याच सरांचा: “तिच्या जाण्या-न जाण्यातलं नेमकं काय आता तुमच्या हातात आहे?” मग, “तिथं ती पोचल्यावर पहिल्या आठवड्यात काय झालं तर तुम्हाला बरं वाटेल?” मग, “तिथं तिला शाळेत जायला आता काय आडवं येतं?”

या तिसऱ्या प्रश्नावर बाईंच्या लक्षात आलं की बाळ आजीकडं आहे. आधीच्या हंगामांत कारखान्यावर मुलगी शाळेत जाणं शक्यच नव्हतं, कधी ती स्वतः फार लहान म्हणून, कधी भाऊ होता म्हणून. या वर्षी तिचे हात मोकळे होते. बाईंनी हमी पत्रक भरलं, कारखान्याजवळच्या गावातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन केला, मुलीला दोन वह्या आणि वाचनाची तीन पुस्तकं दिली. फेब्रुवारीत ती गेली. तिथली शाळा कोप्यांपासून दोनेक किलोमीटर. रोज गेली असं नाही. वाढं (उसाचे हिरवे शेंडे) विकायच्या दिवशी आईबरोबर राहायची, आजीला बरं नसलं की राहायची. पण पट्टी पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, ती तिथल्या पटावर होती.

मूल्यमापन करायचं तर असं करावं लागेल: आखलेला बेत अर्धाच टिकला. मुलगी वर्षभर आपल्या शाळेत राहिली नाही. त्याच वर्गातली दुसरी तीन मुलं नेहमीसारखी गेली आणि त्यांच्यासाठी काहीही झालं नाही. ऊसतोडीची उचल, मुकादमाचा हिशेब, पहाटेचा फड, यातलं काही प्रश्न विचारून बदलत नाही, आणि शिक्षकांच्या गटाकडून ती अपेक्षा ठेवणं अन्यायाचं आहे. मुलगी मात्र पाडव्यानंतर आली तेव्हा धडा वाचत आली. तिचा पाचवीचा दाखला जूनमध्ये आई स्वतः घेऊन शेजारच्या गावी गेली.

आणखी एक बदल मला बाईंच्या वर्गात दिसला, त्याचा या मुलीशी थेट संबंध नाही. उशिरा आलेल्या मुलाला पूर्वी त्या ‘उशीर का झाला’ विचारायच्या, ज्याला मुलं ‘चुकलं बाई’ एवढंच म्हणतात. आता विचारतात, “सकाळपासून काय काय केलंस?” दुसरीतल्या एका मुलानं पाणी भरण्यापासून शेळीचं दूध काढण्यापर्यंत सगळं सांगितलं, ते मी ऐकत होतो.

यंदा बाई उचलीच्या आधी, जून सरताना, सगळ्या घरांत जाऊन आल्या. वडिलांबरोबर आईला आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही बसवून बोलल्या. जुलैच्या बैठकीत त्यांनी नवा प्रश्न मांडला: मागं राहणारी मुलं रात्री नेमकी कोणाच्या घरी झोपतात? पहिल्या फेरीतच निघालं की तीन मुलांबाबत त्यांनाच नक्की माहीत नाही, आणि बाकीच्या पाच शिक्षकांनाही आपापल्या शाळेतल्या मुलांबद्दल हे सांगता येईना. सहाही जण आपल्या गावात ही चौकशी करून ऑगस्टच्या बैठकीला येणार आहेत.